ब्येन मू यांच्या आसनावर

ब्येन लिनला तीन दिवसांनी स्वतःचा आजोबा व्हायचं होतं, आणि ते कसं व्हायचं हे त्याला कुणी धड सांगत नव्हतं. म्हणजे सांगत सगळेच होते. धड कुणी नव्हतं.

आजोबांना, म्हणजे ब्येन मू यांना, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षाचा विधी म्हटला की मेलेल्या माणसाच्या आसनावर कुणाला तरी बसवावं लागतं. त्याच्यापुढे ताट वाढायचं, त्याने जेवायचं, आणि घरादाराने त्यालाच तो मेलेला समजून डोकं टेकायचं. मुलगा बसून चालत नाही, नातूच लागतो. एकदा नातू आसनावर बसला की तो आजोबा झाला, आणि सख्खा बाप त्याच्यापुढे ओणवा होऊन त्याला 'बाबा' म्हणणार. आदल्या दिवशी 'गाढवा' म्हटलेलं असलं तरी म्हणणार. लू राज्यात हे इतकी वर्षं चाललंय की यात चमत्कारिक काही आहे असं फक्त आसनावर बसणाऱ्यालाच वाटतं, आणि त्याला तर त्या दिवशी बोलायची बंदी असते.

ब्येन मू यांना नातू एकच. तरी तो चालेल का, याचा कौल लावावाच लागतो. विधी सांगणाऱ्या वान आजोबांनी गवताच्या काड्या टाकल्या. पहिला कौल 'नको' आला. दुसराही 'नको' आला. तिसऱ्यांदा वान आजोबांनी काड्या जरा समजुतीने टाकल्या.

"आता तीन दिवस उपास," ते म्हणाले. "कोपऱ्यातल्या खोलीत बसायचं आणि आजोबांना आठवायचं. कसे बसत, कसे हसत, काय आवडीने खात."

"हसत नसत," लिन म्हणाला.

"मग कसे हसत नसत ते आठव."

आता या आजोबांबद्दल थोडं सांगायला हवं. ब्येन मू म्हणजे थोरल्या कुंग गुरुजींचे थेट शिष्य. गुरुजींच्या गाडीमागे अकरा वर्षं धूळ खात चाललेला माणूस. गुरुजींचे असे शिष्य सत्तरच्या वर होते. त्यांची यादी म्हणताना ब्येन मू हे नाव जिथे म्हणणाऱ्याला धाप लागते तिथे येई, पण येई. पुढे त्यांनी स्वतःची शाळा काढली. घरात वडीलधाऱ्यांशी कसं वागावं, या विषयात आसपासच्या तीन गावांत त्यांच्यासारखा जाणकार नव्हता. त्यांचा मुलगा चाव, लिनचा बाप, बांबूच्या पट्ट्यांवर बापाचा शब्द न् शब्द उतरवून घेई.

आणि मग नातू कुंभार निघाला.

चावने त्याला अडवलं नाही. पोरगं अक्षरं गिरवताना रडायचं आणि मडकं वळताना गुणगुणायचं, एवढं त्याने पाहिलं आणि मागच्या अंगणात भट्टी घालू दिली. ज्या दिवशी भट्टी पेटली त्या दिवशी ब्येन मू यांनी मुलाशी अबोला धरला. तो नऊ वर्षं चालला. एकाच घरात, एकाच चुलीवर. मीठ हवं असलं तर सुनेला सांगायचं, सुनेने नवऱ्याला. सून वारल्यावर मीठ मागणंच बंद झालं. शेवटच्या दिवशी चाव उशाशी बसला होता आणि म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. जाण्याआधी ते एवढंच म्हणाले, "आज वारा कुठून आहे?" कुणाला म्हणाले, ते कळलं नाही.

या एका वाक्यावरून शाळा फुटली.

मेलेल्याला काही कळतं का, हा प्रश्न शाळेत जुनाच होता. आयुष्यभर कुणी तो विचारला की ब्येन मू म्हणत, "जेवलास का?" आणि विषय संपे. पण आता तुंगमन या सर्वांत ज्येष्ठ शिष्याने ठरवलं, की ज्या अर्थी मरणाऱ्याने वाऱ्याची चौकशी केली त्या अर्थी पुढेही वारा लागणार आहे, म्हणजे कळतं. शाव हू या दुसऱ्या ज्येष्ठाने ठरवलं, की ज्याला ठाऊक असतं तो विचारत नाही; ज्या अर्थी गुरुजींनी विचारलं त्या अर्थी त्यांना कळेनासं झालं होतं, म्हणजे कळत नाही. तुंगमनची माणसं दालनात पूर्वेला बसत, शाव हूची पश्चिमेला. वर्षश्राद्धाला जास्त सामान पश्चिमेकडूनच आलं होतं. मेलेल्याला कळत नसलं तरी शेजाऱ्यांना कळतं, असं शाव हूचं म्हणणं.

दोघांचं एकमत फक्त एका बाबतीत होतं. मागच्या अंगणातली भट्टी मोडली पाहिजे. तिचा धूर पितरांच्या दालनावर येतो, आणि गुरुजी तिच्याच पायी दुःखी होऊन गेले.

चाव बिचारा ना पूर्वेचा ना पश्चिमेचा. तो म्हणाला, "विधीच्या दिवशी बाबांनाच विचारतो. ते हो म्हणाले तर त्याच दिवशी मोडू."

लिन उपासाच्या खोलीतून उठून बाहेर आला. "बाबांना म्हणजे मलाच ना?"

"तुला नाही रे गाढवा. बाबांना."

"पण मान मीच हलवणार."

"मान तुझी. हलवणार ते."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

चावने इकडेतिकडे पाहिलं. पूर्वेचं किंवा पश्चिमेचं कुणी ऐकत नव्हतं. "आत जाऊन बस," तो म्हणाला.

संध्याकाळी लिनची बायको रौ खिडकीशी आली. उपासाच्या खोलीत बायकोने यायचं नसतं, म्हणून ती बाहेर उभी राहून सुपात दाणे पाखडत होती.

"झालात का आजोबा?"

"थट्टा नको करू. भट्टी जाईल आपली."

"जाईल कशी? तुम्हीच बसणार, तुम्हालाच विचारणार. मान आडवी हलवा, जेवा आणि उठून या. एवढं सोपं काम अख्ख्या गावात कुणाला मिळालं नसेल."

"अगं, पण ते मी सांगितल्यासारखं होईल."

"मग कोण सांगणार?"

"आजोबा."

"ते येणार आहेत?"

"तेच तर कळत नाही ना!"

"वा," रौ म्हणाली, "म्हणजे शाळेत न जाता तुम्ही शाळेच्या मूळ प्रश्नाला येऊन ठेपलात. माझं ऐका. म्हातारे नऊ वर्षं दर थंडीत भट्टीला पाठ लावून बसायचे, हे मामंजींना सांगून टाका. विषय मिटला."

हीच तर अडचण होती. घरातली माणसं दुपारी लवंडली की ब्येन मू हळूच मागच्या अंगणात येत, भट्टीच्या भिंतीला पाठ टेकत आणि डुलक्या घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी नातवाकडून वचन घेतलं होतं: कुणाला बोलायचं नाही. अबोला धरलेल्या माणसाने ज्या भट्टीपायी अबोला धरला तिच्यावरच पाठ शेकावी, हे तीन गावांतल्या जाणकाराला शोभलं नसतं.

"वचन दिलंय," तो म्हणाला.

"मेलेल्या माणसाला दिलेलं वचन! त्यांना कुठे कळतंय?"

"तू पश्चिमेची कधी झालीस?"

रौने सुपातलं फोलपट त्याच्या अंगावर फुंकलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी तुंगमन येऊन गेला. खिडकीबाहेर उभं राहून तो आकाशाकडे बघत म्हणाला, "तिसरा प्याला ओठाला लावण्याआधी मी मनातल्या मनात गुरुजींना एक प्रश्न विचारणार आहे. हनुवटी थोडी वर गेली तर समजेन मी." तासाभराने शाव हू आला. त्यालाही तिसऱ्या प्याल्याचीच वेळ सोयीची वाटली होती. त्याला हनुवटी खाली हवी होती. "काहीच नाही झालं तरी चालेल," तो उदारपणे म्हणाला. "काहीच न होणं हे आमच्याच बाजूचं."

तिसऱ्या दिवशी लिनने मनापासून आजोबांना आठवायचा प्रयत्न केला. पण त्याला त्यांचा चेहराच आठवेना. चेहरा ते भिंतीकडे, पुस्तकाकडे, नाहीतर पाटावरच्या वाटीकडे करून असत. त्याला आठवली ती पाठ. पोक आलेली, खांद्यापाशी विटलेला अंगरखा, त्यावर भट्टीची राख. पाठीवरून माणूस कसं व्हावं, याबद्दल वान आजोबांनी काही सांगितलं नव्हतं.

विधीच्या सकाळी त्याला त्या अंगरख्यातच घातलं. तो आखूड होता आणि त्याला आजोबांचा वास येत होता: आलं, शाई आणि किंचित धूर. धुराचा वास कसा, हा प्रश्न कुणाला पडला नाही. लिनला पडला आणि त्याचे कान तापले.

आसनावर गुडघे मोडून तो बसला. पूर्वेला तुंगमनची माणसं, पश्चिमेला शाव हूची. दोन्हीकडे पुढच्या रांगेत एकेक जण कुंचला आणि पट्ट्या घेऊन तयार. गुरुजी आज जे करतील ते टिपून ठेवायचं होतं.

वान आजोबांनी पुकारा केला. ताट आलं. राळ्याचा भात, उकडलेलं डुक्कर, सुकी मासळी, आंबवलेल्या मांसाची वाटी. तीन दिवसांच्या उपाशी माणसापुढे हे सगळं ठेवून त्याने सावकाश खावं अशी अपेक्षा करणं, हे ज्याने ठरवलं तो स्वतः कधी आसनावर बसला नसावा. लिनने तीन घास खाल्ले आणि नियमाप्रमाणे हात थांबवला. "पूज्य पूर्वज तृप्त झाले!" वान आजोबा गरजले. मग नियमाप्रमाणे सगळ्यांनी आग्रह केला. मग आणखी तीन घास. मग पुन्हा तृप्ती, पुन्हा आग्रह. मध्येमध्ये दारूचा प्याला. रिकाम्या पोटात दुसरा प्याला उतरला आणि लिनला उचकी लागली.

पूर्वेकडच्या कुंचल्याने लिहिलं. पश्चिमेकडच्यानेही. पूर्वेने लिहिलं, 'उचकी, एक. कुणीतरी आठवण काढली ती कळली.' पश्चिमेने लिहिलं, 'उचकी, एक. अर्थ नाही.' उचकी पुन्हा लागली. दोन्हीकडे 'एक'चे 'दोन' करण्यात आले.

तिसरा प्याला आला. तुंगमनने डोळे मिटले. शाव हूने डोळे मिटले. लिनने प्याला उचलला, उचकी आली, हनुवटी वर गेली आणि तशीच खाली आली. दालनाच्या दोन्ही बाजूंना समाधानाचा सुस्कारा ऐकू आला.

मग चाव पुढे सरकला.

एकसष्ट वर्षांचा माणूस. त्याने कपाळ चटईला टेकवलं. लिनने बापाचं टाळकं वरून कधी पाहिलं नव्हतं. मधोमध टक्कल होतं आणि टकलावर एक तीळ. मुलाने बघू नये असं काहीतरी आपण बघतोय असं वाटून त्याने नजर वळवली, आणि मग आठवलं की आपण मुलगा नाही, बाप आहोत, आणि बापाने हा तीळ हजारदा पाहिला असणार. त्याने पुन्हा पाहिलं.

"बाबा," चाव चटईशी बोलावं तसं बोलला. "नऊ वर्षं तुम्ही बोलला नाहीत. माझंच चुकलं. पोराला अडवायला हवं होतं, मी नाही अडवलं. आता भट्टी मोडतो. मोडली की राग जाईल ना? जाईल तर तेवढी मान हलवा."

आता आली पंचाईत.

मान उभी हलवावी तर राग गेला, पण भट्टीही गेली. आडवी हलवावी तर भट्टी राहिली, पण राग कायमचा. बापाने दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधून पुढे ठेवले होते आणि लिनपाशी मान एकच होती. रौ म्हणाली होती तितकं हे काम सोपं नव्हतं. टाळकं थरथरत होतं. त्या टाळक्यापुढे मान आडवी हलवायला माणूस दगडाचा असावा लागतो, आणि लिन तर चिखलाचं काम करणारा.

आजोबा, तो मनात म्हणाला, यायचं असेल तर आत्ता या. ही मान तुमची. तुम्हीच हलवा.

त्याने वाट पाहिली. अंगरख्यात कुणी आलं नाही. किंवा आलं असेल. येतात तेव्हा कसं वाटतं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पायांना मुंग्या येत होत्या, पण त्या आजोबांच्या की गुडघ्यांच्या, हे सांगता येईना. मान उभी हलवायची ओढ होत होती ती बापाच्या कणवेने, आडवी हलवायची होत होती ती भट्टीच्या मोहाने. दोन्ही त्याच्या स्वतःच्या. आजोबांचं त्यात काय होतं? आजोबांचं म्हणावं असं आपल्यापाशी काय आहे?

एक होतं. डुलकी लागली की आजोबा बरळत. दर थंडीत, दर दुपारी, तेच एक वाक्य, आणि ते ऐकून लिन निमूट उठत असे. ते कुणाला उद्देशून आहे हे त्याने कधी विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या झोपेत बरीच माणसं ये-जा करत. त्या वाक्यात लिनचं स्वतःचं काही नव्हतं, एवढं नक्की. आणि ते कुठे ऐकलं हे तो कुणाला सांगणार नव्हता, म्हणजे वचनही मोडत नव्हतं.

तो पुटपुटला.

आसनावरचा माणूस बंदी असूनही बोलला तर काय करायचं, याचा नियम आहे. विधी सांगणाऱ्याने कान जवळ नेऊन ऐकायचं आणि सगळ्यांना कळेल असं मोठ्याने सांगायचं. वान आजोबांना पन्नास वर्षांत हा प्रसंग आला नव्हता. त्यांनी कान लावला, ऐकलं, पुन्हा ऐकलं, लिनच्या तोंडाकडे पाहिलं. मग नाइलाजाने ते सरळ उभे राहिले आणि ज्या सुरात राजाला आशीर्वाद देतात त्या लांबलचक सुरात म्हणाले:

"पूज्य पूर्वज म्हणतात! बेडक्या! दोन लाकडं आणखी टाक! पाय आत घे, पोळशील!"

कुंचले हवेत राहिले.

चाव हलला नाही. कपाळ चटईलाच टेकलेलं. बराच वेळ तो तसाच राहिला, इतका की तुंगमनच्या मागे कुणीतरी "गेला की काय" असं कुजबुजला. मग चटईतून आवाज आला, "हो, बाबा."

तो उठला. विधी अर्धवट सोडून उठू नये, पण उठला. दालनातून बाहेर पडून मागच्या अंगणात गेला. भट्टी तीन दिवसांची गार होती. लाकडं पडल्याचा आवाज दालनात सगळ्यांना ऐकू आला. एक. मग दुसरं. चाव परत आला, हाताला साल आणि कोळशाची काजळी लागलेली, आणि आपल्या जागी गुडघे टेकून म्हणाला, "टाकली."

भट्टी मोडायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. काढणार कसा? खुद्द गुरुजींनी तिच्यात लाकडं घालायला सांगितली होती. तुंगमन आणि शाव हू यांच्यात लगेच दुसरा वाद लागला, की लाकडं दोनच का. तुंगमनच्या मते एक मेलेल्यांसाठी आणि एक जिवंतांसाठी. शाव हूच्या मते भट्टी लहान होती. बेडक्या हा कोण शिष्य, यावर मात्र दोन्ही बाजू सारख्याच गोंधळल्या. सत्तर जणांच्या यादीत तो सापडेना. शेवटी दोघांनीही तो थोरल्या गुरुजींच्या काळातला, फार लहान वयात वारलेला कुणी गुणी मुलगा असावा असं ठरवून पट्ट्या बांधून ठेवल्या, आणि मग उरलेलं डुक्कर पूर्व-पश्चिम न बघता वाटून घेतलं.

लिन आसनावरून उठला तेव्हा पाय त्याचे राहिले नव्हते. तो भिंत धरत दालनाच्या उंबऱ्याबाहेर आला आणि पायरीवर बसला. आपण बरोबर केलं की चूक, आजोबा बोलले की आपण बोललो, आणि आपण बोललो तर रौला काय सांगायचं, याची त्याच्या डोक्यात खिचडी झाली होती.

माणसं पांगली. चाव बाहेर येऊन त्याच्याशेजारी उभा राहिला.

"ते नाव तू कुठे ऐकलंस?"

"कुठलं?"

"तेच. वान आजोबा ओरडले ते."

"बेडक्या?"

"जिभेला हाड आहे का तुझ्या!" चाव दबक्या आवाजात कडाडला. "बापाला नावाने हाक मारतोस?"

लिनने वर पाहिलं. त्याला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी नीट कळलं.

"मला वाटलं ते कुत्र्याचं नाव आहे," तो म्हणाला.

"कुत्र्याचं?"

"आजोबांनी लहानपणी पाळलेल्या वगैरे. रोज त्यालाच सांगत असत ना, लाकडं टाक म्हणून. मी आपला उठून टाकायचो."

"रोज?" चावने विचारलं.

वचन मोडल्याचं लिनच्या आत्ता लक्षात आलं. त्याने मान हलवली. उभी.

"पण ते नऊ वर्षं माझ्याशी..." चाव म्हणाला आणि थांबला. त्याने मागच्या अंगणाकडे पाहिलं, मग मुलाच्या अंगावरच्या आखूड अंगरख्याकडे, मग वाकून त्याच्या बाहीचा वास घेतला. शिंकरल्यासारखं केलं. "आणखी काय म्हणत?"

"पुष्कळ काय काय. तुम्ही तळ्यात पडला होतात ते. आणि..."

"थांब. गप्प बस." चावने हात वर केला. "उंबऱ्याबाहेर तू माझा मुलगा आहेस. इथे तू मला बेडक्या म्हणालास तर मला तुला बदडावं लागेल, आणि माझे गुडघे आज ठीक नाहीत. आत चल."

"पण विधी संपला."

"अंगरखा उतरवलास का? नाही ना? मग चल आत."

लिन उठला. दालनात वान आजोबा एकटेच ताटं गोळा करत होते. बापलेक पुन्हा आत येताना पाहून त्यांनी काही विचारलं नाही, मासळीची वाटी मात्र तशीच खाली ठेवली. लिन आसनावर बसला, या वेळी मांडी घालून. चाव समोर चटईवर बसला, आणि त्यानेही मांडी घातली. त्याने मासळीची वाटी पुढे सरकवली. लिनच्या गळ्याशी जेवण आलं होतं. तरी त्याने एक तुकडा घेतला.

"हं," चाव म्हणाला. "आता सांगा, बाबा. मी तळ्यात पडलो, मग?"